विकायची निकड असलेला घरमालक शोधायचा कुठे? ह्युस्टनमधील नवख्या होलसेलरला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्युस्टनच्या पश्चिमेला केटीत राहणारा, आयटीत नोकरी करणारा एक तरुण आठ महिन्यांपासून घरांच्या होलसेलिंगचा प्रयत्न करतो आहे. त्याने एक महागडा ऑनलाइन कोर्स केला, ‘मोटिव्हेटेड सेलर’ म्हणून विकली जाणारी तीन हजार नावांची यादी घेतली, दीड हजार पोस्टकार्डे टाकली, शनिवार-रविवार फोन केले, आणि हाती एकही करार आला नाही. आता त्याच्याकडे महिन्याला ४०० डॉलर आणि आठवड्याला दहा तास आहेत. एवढ्यात लीड, म्हणजे खरोखर विकतील अशा मालकांचे पत्ते, कुठून आणायच्या, असे तो विचारतो. ह्युस्टन ज्यात येते त्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मी चौदा वर्षे हेच काम करत आलो आहे, त्यामुळे पुढचे सगळे या काउंटीला आणि टेक्सासच्या कायद्याला धरून लिहितो. दुसऱ्या राज्यातल्या वाचकाने त्यातली पद्धत घ्यावी, नियम मात्र आपल्या राज्याचे पाहावेत.

ज्यांना या व्यवसायाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. होलसेलर घरमालकाशी ठरलेल्या किमतीला खरेदीचा करार करतो, घर स्वतः घेत नाही, करारातला आपला हक्क रोख पैसे तयार असलेल्या गुंतवणूकदाराच्या नावे करून देतो आणि टायटल कंपनीत (मालकीहक्क तपासून खरेदी पुरी करून देणाऱ्या कंपनीत) व्यवहार पुरा होताना मधली रक्कम फी म्हणून घेतो. भांडवल कमी लागते म्हणून नवखे लोक इथून सुरुवात करतात. जे भांडवलात वाचते ते वेळेत आणि चपला झिजवण्यात खर्ची पडते, ही गोष्ट कोर्समध्ये सहसा येत नाही.

लीड कुठे मिळते हे पाहण्याआधी लीड कशाला म्हणायचे याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. समजा, ऑल्डीन भागातले तीन बेडरूमचे विटांचे घर पूर्ण दुरुस्तीनंतर २ लाख १० हजार डॉलरला जाईल आणि दुरुस्तीला ४५ हजार लागतील. गुंतवणूकदार साधारणतः सत्तर टक्क्यांचा ठोकताळा लावतो. २ लाख १० हजारांचे सत्तर टक्के म्हणजे १ लाख ४७ हजार, त्यातून ४५ हजार गेले की उरले १ लाख २ हजार. तुमची फी ८ हजार धरली तर मालकाला तुम्ही देऊ शकता ती किंमत ९४ हजार. तेच घर आहे त्या अवस्थेत एजंटामार्फत बाजारात लावले तर कदाचित १ लाख ३० हजारांना जाईल आणि दलाली व इतर खर्च वजा जाता मालकाच्या हाती १ लाख २० हजार पडतील. म्हणजे तुमच्याशी करार करणारा माणूस २६ हजार डॉलर सोडून देतो. तो ते का सोडतो, हे ज्या घराबाबत तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही ते घर लीड नव्हे, मग विकतच्या यादीत त्याला कितीही तारे दिलेले असोत.

‘गरजवंताला अक्कल नसते’ असे आपल्याकडे म्हणतात आणि या धंद्यातले पुष्कळ लोक त्या म्हणीवरच पोट भरू पाहतात. माझा अनुभव उलटा आहे. खरोखर विकणाऱ्या माणसाने आपला हिशेब बहुधा आधीच केलेला असतो. छत गळते आहे, पाया खचला आहे, अशा घरावर बँक कर्ज देणार नाही आणि म्हणून एजंटाने आणलेले ग्राहक तपासणीनंतर गळतील, हे त्याला ठाऊक असते. थकलेल्या करापोटी होणाऱ्या घराच्या लिलावाची तारीख पाच आठवड्यांवर असते, किंवा चार भावंडांपैकी एक जण घरात राहतो आणि बाहेरच्या लोकांना घर दाखवू देत नाही. अशा माणसाच्या लेखी २६ हजार ही वेगाची आणि खात्रीची किंमत असते. तशी अडचण नसलेल्या तीन हजार लोकांना पोस्टकार्ड पाठवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे. मीही ते केले आहे. २०१२ साली एका अख्ख्या झिप कोडमधल्या, घरात स्वतः न राहणाऱ्या मालकांना मी दोन हजार पिवळी पोस्टकार्डे पाठवली. नऊ फोन आले. त्यांपैकी सहा जणांनी शिव्या दिल्या, दोघांना आपल्या घराची किंमत फुकटात जाणून घ्यायची होती आणि एकाचा नंबर चुकला होता.

विकतच्या याद्यांची गोची अशी की तीच यादी तुमच्यासारख्या शेकडो लोकांनी घेतलेली असते. ह्युस्टनच्या एकर्स होम्स या वस्तीत एका वृद्ध गृहस्थांच्या दारात मी गेलो, तेव्हा ते काही न बोलता आत जाऊन बुटांचे खोके घेऊन आले. त्यात रबर बँड लावलेली एकतीस पोस्टकार्डे होती. प्रत्येकावर ‘मला तुमचे घर रोखीने घ्यायचे आहे’ हाच मजकूर आणि बहुतेकांवर हस्ताक्षरासारखा दिसणारा छापील टाइप. “यातले तुम्ही कोणते?” असे त्यांनी विचारले. मी त्यातला चौथा होतो.

तेव्हा यादी स्वतः बनवा, आणि लहान बनवा. दोन-तीन वस्त्या मिळून तीन-चार हजार घरांच्या पुढे जाऊ नका. त्या वस्त्या अशा निवडा की जिथे गुंतवणूकदार सध्या खरोखर घरे घेत आहेत. केटीच्या नव्या वसाहतींत हे काम जवळपास होत नाही, कारण तिथली घरे नवी, मालक नोकरदार आणि कर्जे मोठी. काउंटीचे मूल्यांकन कार्यालय, ज्याला इथे सगळे ‘एचकॅड’ म्हणतात, आपली मालमत्तांची माहिती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवू देते. मालकाचे नाव, टपालाचा पत्ता, बांधकामाचे वर्ष, मालकी कधी बदलली, हे सगळे त्यात असते. एक्सेल येणाऱ्या माणसाला एक शनिवार पुरतो. घराचा पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगळा असलेली घरे काढा, वीस वर्षांत हात न बदललेली काढा. मालकाच्या नावापुढे ‘इस्टेट’ असा शब्द असलेल्या नोंदी बाजूला ठेवा, त्यांच्याकडे पुढे येतो. काउंटी क्लार्कच्या नोंदींत कर्जाचे दस्त आणि कर्ज फिटल्याचे दस्तही पाहता येतात, त्यामुळे घरात मालकाची इक्विटी, म्हणजे किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा त्याचा वाटा, किती शिल्लक असावी याचा अंदाज येतो. जिथे कर्ज घराच्या किमतीएवढेच आहे तिथे माणूस कितीही अडलेला असला तरी तुमच्या हाती देण्यासारखे काही नसते.

या यादीतली एकच खूण पुरेशी नसते. परगावी राहणारा मालक सुखी असू शकतो, जुने घर नीट ठेवलेले असू शकते. एका घरावर दोन किंवा तीन खुणा एकत्र आल्या की मी त्या घरासमोरून गाडी नेतो, त्याआधी नाही.

सर्वांत बोलकी खूण थकलेला मालमत्ता कर ही आहे आणि नवखे लोक सर्वांत जास्त फसतात तेही इथेच. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे शाळा, काउंटी आणि शहर यांचा भार घरांवरील करावर पडतो. कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो, १ फेब्रुवारीपासून तो थकीत होतो. त्यानंतर दंड आणि व्याज दरमहा वाढत जाते आणि जुलैत ते मिळून मूळ कराच्या अठरा टक्क्यांवर पोहोचते. शिवाय १ जुलैला वसुली वकिलांचा वीस टक्क्यांपर्यंतचा खर्च वरून बसू शकतो. ५,००० डॉलर कर थकला असेल तर जुलैत ते ५,९०० होतात आणि वकिलांचा पुरा खर्च लागला तर ७,०८०. एका वर्षाची थकबाकी माणूस कसाबसा भरतो. तीन वर्षांची थकबाकी म्हणजे बहुधा घराच्या मागे काहीतरी गंभीर चालले आहे असे समजावे.

मात्र कर थकवणाऱ्यांच्या यादीत नाव दिसले म्हणून लगेच दार वाजवू नका. टेक्सासच्या कायद्यानुसार पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या किंवा अपंग घरमालकाला स्वतः राहत असलेल्या घरावरचा कर पुढे ढकलता येतो. त्यासाठी मूल्यांकन कार्यालयात प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, कर पाच टक्के व्याजाने साठत राहतो आणि तो माणूस त्या घरात राहतो तोवर कोणी वसुलीसाठी घर विकू शकत नाही. अशा माणसाची थकबाकी आठ वर्षांची दिसेल आणि तो निवांत व्हरांड्यात बसलेला असेल. म्हणून मी यादीपेक्षा न्यायालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या डिस्ट्रिक्ट क्लार्कच्या संकेतस्थळावर करवसुलीचा दावा दाखल झाला आहे का, समन्स बजावले आहे का, निकाल लागला आहे का, हे पाहतो. दाव्याचे कागद हातात पडलेल्या माणसाची झोप उडालेली असते. केवळ बिल आलेल्याची उडतेच असे नाही.

याच संदर्भात एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती तुमच्यासमोर पहिल्या वर्षातच येईल. दावा दाखल झालेल्या एका घरात एकाहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहत होत्या आणि १४ हजारांच्या थकबाकीमुळे मला ७८ हजारांत घर द्यायला तयार होत्या. कर पुढे ढकलता येतो हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. मी अर्ज कुठे मिळतो ते दाखवले, त्यांनी तो भरला, आणि तो व्यवहार अर्थातच गेला. त्या बदल्यात मला काही मिळाले नाही, नंतरही नाही. पण ज्या माणसाची निकड एका अर्जाने संपते त्याचे घर काढून घेणे मला जमत नाही, आणि जे असे करतात त्यांच्यामुळेच निरनिराळ्या राज्यांत आपल्या व्यवसायावर निर्बंध येत आहेत.

आता ‘इस्टेट’ लिहिलेल्या घरांकडे येतो. माझ्या निम्म्याहून अधिक व्यवहार इथून आले आहेत. मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे, वारस नोंद कोणी केली नाही, एक काका पुण्यात, एक आत्या इंदुरात, आणि जमिनीवर झुडपे वाढली आहेत, हे चित्र आपण सगळ्यांनी पाहिले आहे. एकर्स होम्स, थर्ड वॉर्ड, फिफ्थ वॉर्ड या ह्युस्टनच्या जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांत नेमके तेच दिसते. कोणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी घर घेतले, कर्ज फेडले, मृत्युपत्र न करता ते वारले, आणि कराची बिले अजून त्यांच्याच नावाने येतात. घर कर्जमुक्त असते, मोडकळीला आलेले असते, आणि कोणा एकाला ते विकता येत नाही. एजंट त्यात पडत नाहीत, कारण सहा महिने कागद जमवण्यात जातात आणि तेवढा वेळ त्यांना परवडत नाही. तुमचे चारशे डॉलर आणि दहा तास इथे कामाला येतात, कारण इथे लागते ती चिकाटी आणि वंशावळ नीट लिहून काढण्याची सवय.

सुरुवात प्रोबेट न्यायालयाच्या, म्हणजे मृताची मालमत्ता आणि मृत्युपत्र यांचा निकाल लावणाऱ्या न्यायालयाच्या, नोंदींपासून करता येते. त्या काउंटी क्लार्ककडे पाहायला मिळतात आणि त्यात कारभार पाहणाऱ्या व्यक्तीचे आणि तिच्या वकिलाचे नाव असते. मात्र अंत्यविधीनंतर पंधरा दिवसांत पत्र टाकणाऱ्यांच्या रांगेत उभे राहू नका. मी नोंद झाल्यावर निदान चार महिने थांबतो. तोवर सामानाची वाटणी झालेली असते, वीज-पाण्याची आणि विम्याची बिले कोणी भरायची यावरून कुरबुर सुरू झालेली असते आणि रिकाम्या घराचा विमा महाग पडतो हे लक्षात आलेले असते. त्याहून चांगली लीड म्हणजे जिथे प्रोबेट झालेच नाही. टेक्सासमध्ये मृत्युपत्र साधारणतः मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत न्यायालयात दाखल करावे लागते. ती मुदत उलटून गेलेली घरे एचकॅडच्या यादीत ‘इस्टेट’ म्हणून वर्षानुवर्षे पडून असतात.

इथे कायद्याची एक गाठ आहे आणि ती न कळल्यामुळे मी माझा दुसराच व्यवहार घालवला. घरात राहणाऱ्या विधवा बाईंनी घर आपले असल्याचे सांगितले, मी करार केला, गुंतवणूकदाराने अनामत भरली आणि टायटल कंपनीने काम थांबवले. घर लग्नानंतर घेतलेले होते, म्हणजे पतिपत्नीच्या सामाईक मालकीचे. पती मृत्युपत्राविना वारले होते. सगळी मुले दोघांची असती तर पतीचा निम्मा हिस्साही पत्नीकडे आला असता. पण पतीला पहिल्या लग्नाच्या दोन मुली होत्या, आणि अशा वेळी टेक्सासचा कायदा पतीचा निम्मा हिस्सा त्याच्या मुलांना देतो. त्या मुली आणि सावत्र आई यांचे अकरा वर्षे बोलणे नव्हते. गुंतवणूकदार दुसरे घर घेऊन मोकळा झाला. तेव्हापासून मी पहिल्याच भेटीत वहीत झाड काढतो: कोणाचे लग्न कधी झाले, घर कधी घेतले, मुले कोणाकोणाची, त्यांतले कोण वारले आणि त्यांची मुले कुठे आहेत. लोक आनंदाने सांगतात, कारण एवढ्या बारकाईने कोणी विचारलेलेच नसते. पुढे टायटल कंपनीला बहुधा वारसांबाबतचे प्रतिज्ञापत्र लागते, ज्यावर कुटुंबाला ओळखणाऱ्या पण घरात काहीही हितसंबंध नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या असतात. हे साक्षीदार शेजारी किंवा चर्चमधले जुने लोक असतात, आणि त्यांना शोधताना शेजारच्या आणखी दोन अशाच घरांची माहिती मिळते. त्यातूनच पुढची लीड येते.

आता रस्त्यावरच्या खुणा. निवडलेल्या वस्तीत आठवड्याला दोन तास गाडी फिरवा, आणि शक्य तिथे पायी चाला. वाढलेले गवत आणि भरून वाहणारी टपालपेटी सगळ्यांनाच दिसते. त्याहून अधिक सांगणाऱ्या खुणा ह्युस्टनच्या स्वतःच्या आहेत. इथली जमीन चिकण आहे, तिला लोक ‘गंबो’ म्हणतात. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काँक्रीटच्या पायावरचे विटांचे घर त्यावर हळूहळू वाकते आणि विटांच्या सांध्यांतून जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग चढत जाते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली ती भेग दिसली की कुंपणाबाहेरूनच दुरुस्तीच्या खर्चाचा काही अंदाज बांधता येतो. जुलै २०२४ मधल्या बेरिल वादळानंतर छतावर टाकलेली निळी ताडपत्री अजून तशीच असेल, तर विम्याचे पैसे आले नाहीत किंवा आले ते दुसरीकडे गेले. ऑगस्ट २०१७ मधल्या हार्वीच्या पुरानंतर आतून चार फुटांपर्यंत भिंती सोलून तशीच सोडलेली घरेही मी कित्येक वर्षे पाहिली. पूर आलेले घर तुमच्या गुंतवणूकदारापासून लपवू नका, त्याला ते कळतेच, आणि तुमचा एक कायमचा ग्राहक जातो. शहराच्या ३११ क्रमांकावर नोंदलेल्या तक्रारींची माहितीही सार्वजनिक आहे, तीही एकदा यादीशी ताडून पाहा.

फोरक्लोजरच्या, म्हणजे कर्ज थकल्यामुळे बँक लिलावात काढते त्या घरांच्या, लीडबद्दल फार लिहीत नाही, कारण नवख्याने तिथे पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे. टेक्सासमध्ये बँकेला यासाठी सहसा खटला भरावा लागत नाही. लिलावाच्या किमान एकवीस दिवस आधी काउंटी क्लार्ककडे सूचना लावली जाते आणि त्याच आठवड्यात त्या मालकाच्या दारात पंधरा माणसे उभी राहतात. एकवीस दिवसांत टायटल तपासणे, गुंतवणूकदार मिळवणे आणि व्यवहार पुरा करणे जमले तर जमते, आणि नाही जमले तर त्या माणसाचा शेवटचा वेळ तुम्ही वाया घालवलेला असतो.

संपर्काबाबत. चारशे डॉलरमध्ये महिन्याला साठ-सत्तर पत्रे पाठवा आणि उरलेले पैसे पेट्रोल आणि कागदपत्रांवर घाला. पत्र साध्या पाकिटात, पत्ता हाताने लिहिलेला, आत अर्धे पान: तुम्ही कोण, हे घर तुमच्या पाहण्यात कसे आले, आणि त्या घराबद्दलची एक खरी गोष्ट, जी फक्त समोर उभ्या राहिलेल्या माणसालाच कळू शकते. माझ्या एका पत्रात मागच्या अंगणातल्या पेकन झाडाचा उल्लेख होता. त्या घराच्या मालकीणबाईंनी फोनवर पहिली पाच मिनिटे झाडाबद्दलच सांगितले, ते त्यांच्या वडिलांनी लावले होते. तीच पत्रे त्याच साठ जणांना सहा-सात आठवड्यांनी पुन्हा पाठवा. माझ्या बहुतेक करारांत माणसाने पहिल्या संपर्काला ‘नको’ म्हटले होते आणि चौथ्या किंवा पाचव्या वेळी, परिस्थिती बदलल्यावर, स्वतः फोन केला. म्हणून वहीत तारीख, बोलणे आणि पुढचा फोन कधी करायचा हे लिहिलेले असले पाहिजे. आठ महिन्यांत तुमच्या हाती काही आले नाही याचे एक कारण मला असे दिसते की दीड हजार लोकांना तुम्ही एकेकदाच गाठले.

फोन आणि मेसेजच्या बाबतीत सावध राहा. १९९१ च्या केंद्रीय दूरध्वनी कायद्याखाली नियम मोडणाऱ्या प्रत्येक कॉलमागे ५०० डॉलर, आणि जाणूनबुजून केल्यास १,५०० डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. ‘डू नॉट कॉल’ यादीत, म्हणजे असे फोन नकोत म्हणून नंबर नोंदवलेल्यांच्या यादीत, नाव असलेल्यांना फोन करू नका. आपण विकत नाही, विकत घेतो, म्हणून हा नियम आपल्याला लागू नाही असे सांगणारे भेटतील. या मुद्द्यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत आणि तुमच्या नावाने तो वाद लढण्याइतके पैसे तुमच्याकडे नाहीत. कृत्रिम आवाजातले कॉल फेब्रुवारी २०२४ पासून स्पष्टपणे त्याच नियमात आले आहेत, आणि सप्टेंबर २०२५ पासून टेक्सासच्या स्वतःच्या कायद्याने मेसेजलाही दूरध्वनी विक्रीच्या व्याख्येत ओढले आहे. नाशिक-पुण्यातल्या मुलांना ताशी दराने बसवून त्यांच्याकडून सरसकट फोन करून घेणारे आपले काही मराठी बांधव मला माहीत आहेत. फोन कोणीही लावला तरी जबाबदारी ज्याच्यासाठी तो लावला त्याच्यावर येते.

माणूस फोनवर आला की किमतीबद्दल आधी बोलू नका. “घर विकून झाल्यावर पुढे काय करायचे ठरवले आहे?” हा एक प्रश्न मी नेहमी विचारतो. ज्याच्याकडे याचे ठोस उत्तर आहे, म्हणजे मुलीकडे डॅलसला जायचे आहे, भावाला त्याचा वाटा देऊन मोकळे व्हायचे आहे, त्याची निकड खरी असते. “बघू, किंमत चांगली आली तर” असे म्हणणाऱ्याला एजंटाचा नंबर द्या. तो एजंट तुम्हाला उपयोगी पडतो, कारण टेक्सासमध्ये घरांच्या विक्रीच्या किमती सार्वजनिक नोंदींत नसतात. जवळपासची घरे खरोखर कितीला गेली हे एजंटांच्या यंत्रणेतूनच कळते. एचकॅडने लावलेले मूल्य म्हणजे बाजारभाव नव्हे. मी सुरुवातीला त्यालाच बाजारभाव समजून दोन करार चढ्या किमतीत केले, आणि दोन्ही सोडावे लागले.

कायद्याचे दोन मुद्दे राहिले. टेक्सासमध्ये २०१७ पासून करारातला हक्क परवान्याशिवाय विकता येतो, पण तुम्ही घराचे मालक नसून करारातला हक्क विकत आहात हे समोरच्याला स्पष्ट सांगावे लागते. म्हणून ‘घर विकणे आहे’ अशी जाहिरात करू नका आणि करार वकिलाकडून एकदा तपासून घ्या. घरमालकालाही मी पहिल्या भेटीतच सांगतो की मी हा करार दुसऱ्याला देऊन त्यावर फी घेणार आहे. आजवर एकाच माणसाने त्या कारणाने मला परत पाठवले. इलिनॉयमध्ये २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक व्यवहाराला परवाना लागतो, साउथ कॅरोलायनात २०२४ पासून आणि पेनसिल्व्हेनियात २०२५ पासून नियम आणखी कडक आहेत, तेव्हा तिकडच्या मित्रांना माझे उत्तर जसेच्या तसे पाठवू नका. दुसरा मुद्दा व्हिसाचा. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळाले आहे म्हणून अडचण नाही. मात्र एच-१बीवर असलेल्या माणसाने हे काम सुरू करण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारलेच पाहिजे. घर विकत घेऊन भाड्याने देणे वेगळे आणि दारोदार फिरून करार मिळवणे वेगळे, ते श्रमाचे काम आहे.

शेवटी, लीडच्या आधी गुंतवणूकदार शोधा. ते कोणत्या वस्तीत, कोणत्या अवस्थेतले घर, किती किमतीला घेतात हे कळल्याशिवाय कोणत्या घरमालकाचे दार वाजवायचे हे ठरत नाही. फोरक्लोजर आणि कर, दोन्हींचे लिलाव टेक्सासमध्ये महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतात, आणि हॅरिस काउंटीचे लिलाव बायू सिटी इव्हेंट सेंटरमध्ये भरत आले आहेत. जाण्यापूर्वी काउंटीच्या संकेतस्थळावर जागा आणि वेळ पाहून घ्या, एक दिवसाची रजा काढा, बोली लावू नका, मागच्या बाजूला बसा. तुमच्या वस्तीतल्या घराचा पत्ता पुकारला गेला की कोण हात वर करतो आणि कोणत्या आकड्यावर थांबतो ते वहीत लिहा, आणि दुपारी पार्किंगमध्ये त्याला गाठून विचारा की याच रस्त्यावर त्याला आणखी एखादे घर हवे आहे का.